छंदाचा घरगुती व्यवसाय : किंमत कशी लावता, वेळ कसा मोजता?

लोकरवाली :

नमस्कार मंडळी, हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं. मी क्रोशाची खेळणी विणते, आधी फक्त आवड म्हणून, आता घरूनच ऑर्डरी घेते. इथे शिवणारे, साबण करणारे, मातीत, कागदात रमणारे बरेच जण आहेत आणि प्रत्येकाला कधी ना कधी कुणीतरी म्हटलेलंच असतं की इतकं छान करतेस तर विकत का नाहीस. विकायचं ठरवल्यावर पुढे काय, यावर मात्र फारसं कुणी बोलत नाही.

माझं मत आधी सांगते, मग तुम्ही खोडा. घरगुती व्यवसायात आपल्याकडचा सगळ्यात महाग कच्चा माल म्हणजे आपले तास, आणि नेमके तेच बहुतेक जण मोजत नाहीत. लोकर किती ग्रॅम गेली ते वजनकाट्यावर बघतात, डोळे, भरायचा फायबर, रिबीन, डबा सगळं वहीत लिहितात आणि वेळेचा रकाना कोरा, कारण 'ते तर मी टीव्ही बघता बघता करते'. टीव्ही बघता बघता केलं तरी ते कामच आहे हो.

दुसरं म्हणजे ते 'कच्च्या मालाच्या तिप्पट किंमत लावा' वालं सूत्र. हे सूत्र क्रोशाला लावून बघा, रडू येईल. लोकर थोडीशी आणि तास भरमसाठ. चांदीचे दागिने करणाऱ्याचं नेमकं उलट, माल महाग आणि एखादी साधी अंगठी पटकन होते. दोघांना एकच गुणाकार कसा चालेल? त्यापेक्षा माल + तास गुणिले आपण ठरवलेला दर + पॅकिंग + वीज, हत्यारं, वाया गेलेला माल यांचा वाटा, अशी बेरीज केली की निदान सत्य समोर येतं. त्यावर नफा वेगळा. मजुरी म्हणजे नफा नव्हे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. उद्या काम वाढलं आणि शेजारच्या काकूंना मदतीला घेतलं तर त्यांना पैसे कुठून देणार? आज आपण मजुरी धरलीच नसेल तर उद्या ती किमतीत बसवताच येत नाही.

आणि एक हिशोब कागदावर करून बघाच. समजा आठवड्याला २० तास मिळतात. त्यातला एक तृतीयांश तरी फोटो, मेसेजना उत्तरं, पॅकिंग, पार्सल, सामान आणणं यात जातो. उरले साधारण १३. एका खेळण्याला ६ तास लागत असतील तर आठवड्याला दोन, महिन्याला आठ-नऊ खेळणी, बस्स. जाहिरात कितीही केली तरी याच्या वर जाता येत नाही. तेव्हा व्यवसायातून महिन्याला जेवढं मिळायला हवं असेल ते त्या आठ-नऊ खेळण्यांतूनच यायला हवं, आणि ते येत नसेल तर ते सुरू करायच्या आधी कळलेलं बरं.

तुमचे अनुभव लिहा.

नवखी :

ताई, अगदी वेळेवर धागा काढलात. मी पण क्रोशेच करते, आत्तापर्यंत सगळं भेट म्हणून दिलंय, आता पहिली ऑर्डर आलीये आणि काय किंमत सांगू कळत नाहीये. सगळे म्हणतात सुरुवातीला स्वस्तात दे, गिऱ्हाईक जमव, मग वाढव. ते बरोबर आहे का?

आणि वेळ मोजायचं म्हणता तर मला एका सशाला अख्खे तीन-चार दिवस लागले, मधे उसवलं पण दोनदा, तेवढे सगळे तास लावले तर कुणीच घेणार नाही.

हिशेबी :

नवखी, पहिल्या नगाच्या वेळेवर किंमत काढू नका. टी. पी. राइट नावाच्या इंजिनिअरने १९३६ मध्ये विमानांच्या कारखान्यातल्या आकड्यांवरून दाखवलं होतं की एकूण केलेल्या नगांची संख्या दुप्पट झाली की प्रत्येक नगाला लागणारे श्रम साधारण २० टक्क्यांनी कमी होतात. म्हणजे पहिल्याला १० तास लागले तर दुसऱ्याला ८, चौथ्याला ६.४, आठव्याला ५ च्या आसपास. तुमच्या सशाला अगदी हेच आकडे लागू होतील असं नाही पण दिशा तीच असणार. चौथा किंवा पाचवा नग करताना घड्याळ लावा आणि तो वेळ हिशोबात धरा.

यातून अजून एक गोष्ट निघते. दर वेळी नवीन डिझाइन केलं की दर वेळी पहिल्या नगाचा वेळ लागतो. 'तुम्ही म्हणाल ते करून देते' असं म्हणणारे लोक यामुळेच दमतात. चार-पाच ठरलेली डिझाइन ठेवा, रंग बदलून द्या. वेगळं काही हवं असेल तर त्याचे पैसे वेगळे.

लोकरवाली :

हिशेबी, शंभर टक्के अनुमोदन. फक्त एवढंच की हातकामात हा उतार लवकर सपाट होतो. टाका घालायला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच, हात त्याच्यापुढे पळत नाही. मोजे विणायचं यंत्र विल्यम ली याने १५८९ मध्ये केलं, म्हणजे सुयांवरचं विणकाम यंत्रावर जाऊन चारशे वर्षं होऊन गेली, पण बाजारात खऱ्या क्रोशाची जी वस्तू दिसते ती आजही कुणीतरी हातानेच विणलेली असते. म्हणून दुकानात मातीमोल किमतीला क्रोशाचं काही दिसलं की मला आनंद होत नाही, त्या भावात विणणाऱ्या हातांना काय मिळालं असेल हेच आधी मनात येतं. आपण आपली किंमत त्या वस्तूशी तोलायची नाही.

नवखी, स्वस्तात सुरुवात करायच्या मी विरोधात आहे. आलेलं गिऱ्हाईक किमतीसाठी आलेलं असतं, किंमत वाढली की जातं, आणि वर ओळखीच्या लोकांना सांगून जातं की ती तर एवढ्यातच देते. सूट द्यायची तर द्या, पण बिलावर पूर्ण किंमत लिहा आणि खाली 'पहिल्या ऑर्डरची सूट' असं लिहून वजा करा. समोरच्याला खरी किंमत माहीत राहते आणि पुढच्या वेळी धक्का बसत नाही.

मनमौजी :

थोडं वेगळं मत मांडतो, रागावू नका. मी लाकडात कोरीवकाम करतो, नोकरी वेगळी आहे, पोट त्यावर नाही. मला लाकडाचे आणि हत्यारांचे पैसे सुटले की पुरे, तास मी मोजत नाही आणि मोजायचेही नाहीत. ज्या क्षणी मी घड्याळ लावेन त्या क्षणी ती माझ्या नोकरीसारखी दुसरी नोकरी होईल. छंदाला व्यवसाय केलाच पाहिजे असं कुणी सांगितलं? आणि पैसा आला की त्यातली मजा जाते हे माझ्या डोळ्यांदेखत दोन मित्रांचं झालंय.

हिशेबी :

>>पैसा आला की त्यातली मजा जाते<<

यावर एक जुना प्रयोग आहे. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या, ज्यांना मुळातच चित्रं काढायला आवडतात अशा मुलांवर केलेला. काही मुलांना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर छान प्रमाणपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर अचानक दिलं. काहींना काहीच नाही. मग एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात मुलं काय करतात ते बघितलं. बक्षिसाच्या बोलीवर ज्यांनी चित्रं काढली होती ती मुलं बाकीच्यांच्या साधारण निम्माच वेळ चित्रांपाशी रमली. ज्यांना अचानक बक्षीस मिळालं त्यांची आवड मात्र कमी झाली नाही.

म्हणजे घोटाळा बक्षिसात नाही, आधीच्या बोलीत आहे. अर्थात ती लहान मुलं आणि ते प्रमाणपत्र, मोठ्या माणसाच्या कमाईला ते जसंच्या तसं लावता येणार नाही हेही खरं.

लोकरवाली :

छान सांगितलंत. मनमौजी, रागवायचं काय त्यात, तुमचं म्हणणं मला पटतंच. छंद छंद म्हणून ठेवणं हा पूर्ण सन्मानाचा निर्णय आहे. माझी विनंती एवढीच की मग भेट द्या, मनापासून द्या, पण 'फक्त लाकडाच्या किमतीत' विकू नका. तुमच्याच गावात दुसरा कुणीतरी त्याच कामावर घर चालवत असेल, त्याला तुमच्या किमतीशी भांडावं लागतं आणि तुम्हाला तर त्या पैशांची गरजही नाही.

मजा टिकण्याबद्दल मी एक करते. माझ्या विणकामातला एक भाग मी कधीच विकत नाही. शाली. खेळणी ऑर्डरीची, शाली माझ्या. कितीही जणींनी विचारलं तरी शालीची ऑर्डर घेत नाही. त्यामुळे सुई हातात घेतली की दर वेळी कुणाचं तरी देणं लागतोय असं वाटत नाही.

मनमौजी :

कमी किमतीला विकण्याचा मुद्दा मी या बाजूने कधी बघितला नव्हता, विचार करतो. पण पूर्ण पटलं नाहीये अजून. माझं गिऱ्हाईक आणि त्याचं गिऱ्हाईक एकच असेल असं कशावरून? शाली वेगळ्या ठेवायची कल्पना मात्र आवडली.

मातीकाम :

धागा वाचतोय, मस्त चाललाय. माझं सिरॅमिकचं काम, घराच्या मागच्या खोलीत चाक आणि छोटी इलेक्ट्रिक भट्टी. आमच्याकडे तासांच्या जोडीला अजून एक प्रकरण असतं ते म्हणजे भट्टी. अर्धी भरलेली असो नाहीतर गच्च भरलेली, वीज जवळपास तेवढीच खाते. म्हणजे तोच कप अर्ध्या भट्टीत भाजला तर त्याच्यावरचा भाजणीचा खर्च दुप्पट. एका ऑर्डरीसाठी भट्टी लावली की हमखास तोटा. आणि दोनदा भाजायचं, आधी कच्ची भाजणी १००० अंश सेल्सिअसच्या आसपास, मग ग्लेझ म्हणजे काचेसारखा चकचकीत लेप लावून दुसरी, स्टोनवेअर (जास्त तापमानाला भाजायची टणक भांडी) असेल तर १२०० च्या वर.

वेजवूडचं नाव ऐकलं असेल, १८व्या शतकातला इंग्लंडमधला मोठा कुंभार-कारखानदार. १७७२ मध्ये तिकडे पतपुरवठ्याचं संकट आलं, मागणी आटली, तेव्हा तो बसून एकेका वस्तूवर नक्की खर्च किती होतो ते काढायला लागला. साचे, भाडं, जळण, पगार असले खर्च माल थोडा केला काय नि जास्त केला काय जवळपास तेवढेच राहतात हे त्याला त्यातून उमगलं. एवढा मोठा माणूस, राजघराण्याला भांडी पुरवणारा, त्यालाही हे वही घेऊन बसल्यावरच दिसलं. मी भट्टी कधी लावायची ते यावरून ठरवतो. ऑर्डरी साठवतो, भट्टी भरली की लावतो, आणि गिऱ्हाइकाला तारीख सांगताना भरायला लागणारे दिवस धरूनच सांगतो.

अजून एक, माती सुकताना आणि भाजताना मिळून साधारण १० ते १२ टक्के आकसते. ऑर्डर घेताना माप भाजल्यानंतरचं आहे हे लिहून घ्या. आणि तडकणारे नग धरूनच करा, सहा हवे असतील तर सात-आठ. त्या जास्तीच्या नगांचा खर्च सहाच्या किमतीत यायला हवा.

फेनिल :

मातीकामदादा, तुमची भट्टी तशी आमची मांडणी. मी कोल्ड प्रोसेसने, म्हणजे तेलात कॉस्टिक सोड्याचं पाणी मिसळून पण न शिजवता, साबण करते, साबण ओतून कापला की पुढे चार ते सहा आठवडे नुसता मांडणीवर वाळत बसतो. म्हणजे आज तेलाला घातलेले पैसे दीड महिन्याने विकायला तयार, विकले कधी जातील ते पुढे. सणासुदीला मागणी येते म्हणून सणाच्या आदल्या आठवड्यात जागं होऊन उपयोग नाही, दोन महिने आधी करून ठेवायला लागतो. सुरू करणाऱ्यांनी हे अडकलेले पैसे हिशोबात धराच, नफा कागदावर दिसतो आणि हातात काही नसतं.

वाळताना पाणी उडतं त्यामुळे वडीचं वजन घटतं, लेबलवर वजन लिहायचं ते वाळल्यानंतरचं. कॉस्टिक सोड्याचं प्रमाण अंदाजाने कधीच घेऊ नका. प्रत्येक तेलाचं वेगळं असतं. नुसतं ऑलिव्ह तेल असेल तर १००० ग्रॅमला साधारण १३५ ग्रॅम सोडा, आणि त्यातून ५ टक्के कमी करतात म्हणजे थोडं तेल मोकळं राहतं आणि कातडीला त्रास होत नाही, तर १२८ च्या आसपास. स्वतःसाठी करताना सुद्धा काटेकोर राहायचं, आणि विकायला लागलो की दुसऱ्याच्या त्वचेची जबाबदारी आपली. सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यात ओतायचं नाही, उसळून अंगावर येतं. हातमोजे, चष्मा, मुलं आणि मांजर खोलीबाहेर. घरून काम करतोय म्हणजे घरातले सगळे त्या कामाच्या जागेत असतात, हे विसरून चालत नाही.

विकण्यासाठी काय नोंदणी, लेबल, परवाना लागतो ते प्रत्येक वस्तूला आणि प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं. पहिली वडी विकायच्या आधी आपल्याकडचे नियम विचारून घ्या.

लोकरवाली :

फेनिल, जबाबदारीचं लिहिलंस ते फार बरं केलंस. खेळण्यांचंही तसंच आहे. नवखी, तुझा ससा तीन वर्षांच्या आतल्या मुलासाठी असेल तर प्लास्टिकचे डोळे, मणी, बटणं काही लावू नकोस, डोळे दोऱ्याने भर. अमेरिका आणि युरोपच्या नियमांत ३१.७ मिलिमीटर व्यासाचं एक छोटं नळकांडं ठरलेलं आहे, खेळण्याचा जो सुटा होणारा तुकडा त्यात पूर्ण मावतो तो लहान मुलाच्या घशात अडकू शकतो असं धरतात. तुमच्याकडे नियम असो नसो, हे पाळायला काय हरकत आहे. मी प्रत्येक शिवण ओढून बघते, आणि अगदी जोरात ओढते, कारण मूल आपल्यापेक्षा जास्त जोरात ओढणार.

नवखी :

बापरे, मी बटणंच लावली होती, बरं झालं विचारलं. आज काढते.

अजून दोन शंका. एक, ससा मी नेटवरच्या फुकट पॅटर्नवरून (कुणीतरी लिहिलेल्या टाक्यांच्या कृतीवरून) केलाय, तो विकला तर चालतो का? आणि दुसरं, त्यांना एका कार्टूनमधलं पात्र पण हवंय.

पानोपानी :

मी हाताने वह्या बांधतो, जुजबंदीच्या, म्हणजे पानांचे जुडगे दोऱ्याने शिवून. दुसऱ्या शंकेचं आधी सांगतो कारण मलाही मुखपृष्ठावर अशीच पात्रं छापून मागतात. कार्टूनमधल्या पात्रांचे हक्क कंपन्यांकडे असतात, परवानगीशिवाय विकायचं नाही. 'सगळेच करतात' हे उत्तर नाही. स्वतःच्या मुलाला करून देणं वेगळं आणि दुकान मांडणं वेगळं.

पॅटर्नचं म्हणाल तर तो लिहिणाऱ्याने खाली काय लिहिलंय ते वाचा. बरेच जण लिहितात की घरगुती विक्रीला चालेल, फक्त नाव द्या. काही जण नको म्हणतात. काहीच लिहिलं नसेल तर एक मेसेज टाकून विचारा. पॅटर्नच उचलून आपल्या नावाने विकणं हे तर अजिबातच नाही.

आता ऑर्डरबद्दल, कारण भांडणं तिथेच होतात. तोंडी ऑर्डर घेऊ नका. रंग, माप, संख्या, तारीख, पैसे, सगळं एका मेसेजमध्ये लिहून पाठवा आणि समोरच्याकडून 'हो' घ्या. निम्मे पैसे आधी. त्याच्या नावाची वही बांधून झाली आणि त्याने नको म्हटलं तर ती वही मी कुणाला विकणार? ओळखीच्या लोकांकडून पण आगाऊ घ्या, किंबहुना त्यांच्याकडून आधी घ्या.

दुकानात ठेवायला देणार असाल तर अजून एक. दुकानदार साधारण विक्रीच्या किमतीच्या निम्म्यावर माल मागतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही, त्याला भाडं आहे, माणसं आहेत. पण आपण घरून विकताना जी किंमत लावली तीत ते निम्मं बसतच नसेल तर दुकानाचा रस्ता आपण स्वतःच बंद केलेला असतो.

हिशेबी :

पानोपानी यांच्या शेवटच्या मुद्द्याला +१. आणि बँकेचं खातं वेगळं ठेवा. घरखर्चाच्या खात्यातून लोकर आणली आणि ऑर्डरीचे पैसे किराण्यात गेले की वर्षाच्या शेवटी कमावलं का गमावलं हे कुणालाच सांगता येत नाही. फार मोठी पद्धत लागत नाही, एक खातं आणि एक वही.

सुईदोरा :

इतकं वाचून एक विचारावंसं वाटतं. लोकरवाली, तुम्ही म्हणालात तास संपले की संपलं. मग वाढायचं कसं? मी भरतकाम करते, मनगट दुखायला लागलंय आता, अजून तास वाढवणं शक्यच नाही.

लोकरवाली :

सुईदोरा, आधी मनगट. दुखतंय त्यावर काम करू नका, डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा. हातच गेले तर व्यवसाय आणि छंद दोन्ही गेले. मी अर्ध्या तासाने सुई खाली ठेवतेच, गजर लावून. जाड मुठीची सुई घेतल्यापासून पकड सैल राहते आणि त्रास कमी झालाय. तारखा देताना दिवसाला किती तास हात चालतील त्यावरून द्यायच्या, किती तास मोकळे आहेत त्यावरून नाही.

वाढायचे रस्ते मला दोन-तीन दिसतात. एकदा मेहनत करून पुन्हा पुन्हा विकता येईल असं काहीतरी करणं, म्हणजे स्वतः बनवलेल्या डिझाइनचा पॅटर्न लिहून पीडीएफ विकायचा, किंवा लोकर-सुई-पॅटर्न एकत्र असलेला संच. मग शिकवणं. एका वेळी सहा-सात जणी शिकल्या तर तेवढ्याच तासांचे जास्त पैसे होतात, आणि शिकणाऱ्या पुढे आपल्याशी स्पर्धा करतील ही भीती मला कधी वाटली नाही. उलट ज्या शिकून गेल्या त्यांना कळतं की एका खेळण्यात किती टाके असतात, आणि किमतीवर घासाघीस न करणारी माझी गिऱ्हाइकं बहुतेक त्यांतलीच आहेत.

किंमत वाढवणं हाही रस्ताच आहे. ऑर्डरींची रांग लागलेली असेल, लोक महिना-महिना थांबायला तयार असतील तर किंमत कमी आहे असा त्याचा सरळ अर्थ.

मातीकाम :

शिकवण्याबद्दल सहमत पण घरी शिकवायचं तर जागा, घरच्यांची सवड, येणाऱ्यांचा आवाज हे सगळं येतं. माझ्याकडे चिखल पण. आधी घरच्यांशी बोला, अगदी वार आणि वेळ ठरवून. माझ्या घरचे खूप सांभाळून घेतात पण म्हणून स्वयंपाकघराचा ओटा ग्लेझच्या डब्यांनी भरायचा हक्क मिळत नाही.

नवखी :

सगळ्यांचे खूप खूप आभार, वहीत उतरवून घेतलंय. आता चौथा ससा घड्याळ लावून करणार, तोपर्यंत किंमत सांगतच नाही, त्यांना तसं कळवलंय आणि ते थांबायला तयार आहेत. कार्टूनचं नाही म्हणून सांगितलं.

एक शेवटचं, त्यांना एकाच रंगाचे सहा ससे हवेत, माझ्याकडे दोनाला पुरेल एवढीच लोकर आहे, बाकीची नंतर आणली तर चालेल ना?

लोकरवाली :

नको. गुंड्याच्या कागदावर रंगाच्या नंबरशेजारी लॉटचा, म्हणजे एका वेळी एकत्र रंगवलेल्या लोकरीचा, नंबर असतो तो बघ. रंग तोच असला तरी वेगळ्या लॉटची छटा थोडी वेगळी येते, सुटा गुंडा हातात धरला तर कळत नाही पण सहा ससे शेजारी ठेवले की लगेच दिसतं. आगाऊ पैसे आले की सगळी लोकर एकदम, एकाच लॉटची आण, आणि एक गुंडा जास्त घे. हातात आहे ती लोकर त्या घड्याळ लावून करायच्या सशाला वापर.